कोरोनातला पीएम-किसानचा हप्ता गावात कुणाकुणाला मिळाला, हे कागदावर कसं मिळवायचं?

बांधावरून
रामराम मंडळी. टाळेबंदीत केंद्राने शेतकऱ्यांना २००० रुपये दिले. गावात ते कुणाला गेले, अपात्र असून कुणी घेतले आणि परत किती आले, हे ग्रामसभेत मांडायचंय. पोर्टलवर नुसती नावं दिसतात. ऐकीव माहिती नको, कागद हवा.

सातबारा
आधी एक घोळ मिटवा. ते पैसे जादाचे नव्हते. २६ मार्च २०२० च्या पॅकेजमध्ये वर्षाच्या ६००० मधलाच पहिला हप्ता एप्रिलमध्ये लवकर सोडायचं ठरलं, सुमारे ८.७ कोटी शेतकऱ्यांसाठी. त्यामुळे माहिती अधिकार कायद्याखाली 'कोविड अनुदानाची यादी' मागितलीत तर अशी योजनाच नाही म्हणून अर्ज परत येऊ शकतो. 'पीएम-किसान, एप्रिल ते जुलै २०२० हप्ता' असंच लिहा.

पोर्टलवर फार्मर्स कॉर्नर, बेनिफिशियरी लिस्ट, मग राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडून गेट रिपोर्ट. नाव आणि लिंग एवढंच येतं, तेही इंग्रजी स्पेलिंगमध्ये, त्यामुळे एकाच नावाची माणसं ओळखताना चूक होते. शिवाय ही आजची यादी आहे, २०२० ची नाही. मधल्या काळात वगळलेले यात सापडणार नाहीत, आणि तुम्हाला नेमके तेच हवेत.

गटवारी
ग्रामसभेत नाव घेण्याआधी नियम नीट बघा, नाहीतर भल्या माणसावर विनाकारण डाग लागेल. योजनेत 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं. तीन सज्ञान भावांच्या नावे वेगवेगळी जमीन असेल तर तिघेही पात्र. नवरा-बायको दोघांनी घेतलं असेल तर मात्र चूक. जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर हवी. त्यानंतरचा फेरफार फक्त वारसाचा चालतो, खरेदीचा नाही. मागच्या वर्षी आयकर भरलेले, नोंदणीकृत डॉक्टर-वकील, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), दरमहा १०,००० किंवा जास्त पेन्शनवाले बाद. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन बघता येतात, तेवढं ताडून घ्या. आयकराची बाब तुम्हाला बाहेरून तपासता येणार नाही, ती सरकारी तपासणीतूनच येऊ द्या.

बांधावरून
मग २०२० ची यादी मागायची कुठे? आधार नंबरही मागू का?

कलम चार
आधार आणि खाते क्रमांक अजिबात मागू नका. नकाराला आयतं कारण मिळतं.

अर्ज तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. माहिती कृषी खात्याकडे असेल तर कलम ६(३) खाली ५ दिवसांत तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत (महाराष्ट्राच्या नियमांत ही मर्यादा आहे). मजकूर असा:

'मौजे …, ता. … येथील पीएम-किसान लाभार्थ्यांची एप्रिल ते जुलै २०२० हप्त्याची नाववार यादी, जमा रक्कम व दिनांक. त्यातील अपात्र ठरवलेल्यांची कारणवार यादी, वसुलीच्या नोटिसा आणि वसूल झालेली रक्कम.'

आता नकार येतो तो खासगी माहितीच्या नावाखाली. नोव्हेंबर २०२५ पासून खासगी माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(ञ) आणखी कडक झालंय. म्हणून अर्जातच लिहून ठेवा की कलम ४(१)(ख)(बारा) प्रमाणे अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे, आणि ८(२) खाली सार्वजनिक हित पाहून माहिती देता येते. याच कायद्याच्या जोरावर जानेवारी २०२१ मध्ये बाहेर आलं की २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी गेले, त्यात निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते. हा आकडा कुणी आपण होऊन सांगितला नव्हता.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. अर्जाची पोचपावती शिक्क्यासह जपा, अपिलाला पहिली तीच लागते.