पोराचं पोरावर प्रेम असलेली इंग्रजी कादंबरी वाचताना अडते, काय करू?

प्रश्न: किंडल या ई-पुस्तकांच्या ॲपवर घेतली. गावात रेंज नाही, शब्द अडतात, रंग चढत नाही.

उत्तर १: तालुक्याला गेलास की पुस्तकासोबत शब्दकोशही डाउनलोड करजो. मग शब्द दाबून धरला की नेटशिवाय अर्थ दिसते. पण पानाला दोन-तीनच शब्द पाहा. जास्त पाहिले की संवादाची लय तुटते, अन् अशा कादंबरीत सारी गंमत संवादातच असते.

उत्तर २: फोन घरात फिरते काय? ॲप उघडताच पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसते. डाउनलोड काढलं तरी यादीत नाव राहते. घरच्यांना दिसू नये तर ॲपलाच लॉक लाव.

उत्तर ३: आधी मराठीतून वाच ना बे! सचिन कुंडलकरांची कादंबरी ‘कोबाल्ट ब्लू’, २००६. भाऊ-बहीण एकाच भाडेकरू पोराच्या प्रेमात. आधी भाऊ तनय सांगते, मग बहीण अनुजा. किशोरकथा नाही, गोड शेवटाची आशा नको ठेवू.