दखलपात्र, अजामीनपात्र, सदोष मनुष्यवध... नक्की फरक काय?

पेपरात येतं 'अजामीनपात्र गुन्हा दाखल' आणि आठवड्याभरात तोच माणूस जामिनावर बाहेर. मग अजामीनपात्र कसला? आणि सदोष मनुष्यवध म्हणजे खूनच ना, सभ्य भाषेत?

--

अहो अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही, हक्काने मिळत नाही, द्यायचा का ते कोर्ट बघतं. जामीनपात्र असेल तर जामीनदार उभा केला की पोलीस ठाण्यातूनच सुटका.

दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंट नसताना अटक करू शकतात, मॅजिस्ट्रेटची परवानगी न घेता तपास सुरू करू शकतात. अदखलपात्र असेल तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेणार आणि कोर्टात जा म्हणणार, उदा. अब्रुनुकसानी. थोडक्यात गुन्हा किती मोठा ते हे शब्द थेट सांगत नाहीत, पोलिसांचा हात कुठवर पोचतो ते सांगतात. आणि दोन्हीची जोडी जुळेलच असं नाही, निष्काळजीपणाने मृत्यू (जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 304 अ, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं 106) दखलपात्र आहे पण जामीनपात्र, म्हणजे माणूस जीवानिशी गेला आणि ड्रायव्हर संध्याकाळी घरी, लोक भडकणारच ना. म्हणून मग 'सदोष मनुष्यवध लावा' अशी मागणी होते कारण ते अजामीनपात्र. पुण्याच्या कल्याणीनगर पोर्शे अपघाताच्या केसमध्ये पण 304 अ की 304 (सदोष मनुष्यवध) ह्यावरच तर वाद पेटला होता.

--

खुनाबद्दल माझ्याकडून. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, उलट मात्र नाही. अचानक भांडण पेटलं, रागाच्या भरात एक घाव बसला आणि माणूस गेला, तर ते खुनापेक्षा खालच्या गुन्ह्यात येऊ शकतं (आता कलम 105, खुनाला 103). सगळा खेळ हेतू काय होता आणि परिणामाची जाणीव होती का ह्यावर, वकील वर्षानुवर्षं त्यावरच भांडतात. पेपरवाले सदोष मनुष्यवध म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक हा खालचा प्रकारच म्हणायचा असतो.

--

आणि 'गंभीर दुखापत' राहिलीच की! ते डॉक्टरच्या मनावर नाही, कायद्यात यादी आहे. हाड मोडलं किंवा दात पडला तरी गंभीर, भले जखम चार दिवसांत बरी होवो. यादीत लांबलेल्या दुखण्याचाही एक प्रकार आहे, त्यात पूर्वी 20 दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं बंद असावी लागायची, नव्या संहितेत 15 केलेत.

--

दात पडला तरी?? मग आमच्या गल्लीतल्या क्रिकेटवर किती केसेस झाल्या असत्या 😄

--

मुद्दाम मारून पाडला तर हो, बॉल लागून पडला तर नाही.