मदत हवी आहे: कोवळ्या ज्युनिपरचं कॅस्केड (खाली लोंबणारं बोन्साय) करायचंय, सुरुवात कुठून?

नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर एक ज्युनिपर आहे, नर्सरीत 'प्रोस्ट्राटा' म्हणून मिळालं. पानं टोचरी, निळसर हिरवी. खोड बुंध्याशी साधारण १ सेंमी, मुख्य फांदी ४५ सेंमी लांब आणि आडवी पसरलेली. सध्या ८ इंची प्लास्टिकच्या कुंडीत, नर्सरीच्याच लाल मातीत आहे. पूर्ण कॅस्केड करायचं आहे, म्हणजे शेंडा कुंडीच्या तळाच्याही खाली यायला हवा. ऑक्टोबर संपत आलाय. आधी कुंडी बदलू की आधी खोड वाकवायला तार लावू? तार किती जाडीची घ्यावी? फांद्या कोणत्या ठेवायच्या? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

कुंडीकर:
तार आणि कुंडीबदल एकाच मोसमात करू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्युनिपरची ताकद पानांत असते. तार लावताना पानंही छाटली आणि कुंडी बदलताना मुळंही कापली तर झाडाकडे सावरायला काही उरत नाही. त्यात घात असा, की मुळं मेल्यावरही पानं कित्येक आठवडे हिरवीच दिसतात. पिवळं पडल्याचं लक्षात येईपर्यंत खेळ संपलेला असतो.

काय आधी करायचं ते मुळंच सांगतील. कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. गोळा घट्ट असेल आणि कडेला मुळांची पांढरी टोकं दिसत असतील तर तसाच परत ठेवा आणि या थंडीत तार लावा. माती चिखलासारखी असेल, कुजका वास येत असेल, मुळं काळी असतील तर तार पुढच्या वर्षी. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत माती बदला. ३ ते ६ मिमी चाळलेला विटांचा चुरा, प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड) आणि जाड वाळू समप्रमाणात, बारीक भुकटी धुऊन काढलेली. मुळं एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायची नाहीत.

आता तार. १ सेंमी खोडाला ३ मिमीच्या दोन अ‍ॅल्युमिनियम तारा शेजारीशेजारी लावा, एकच जाड तार बसवायला अवघड जाते. लांबी फांदीच्या दीडपट. एक टोक बुंध्यामागे मातीत कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, नाहीतर वाकवताना सगळी तारच फिरते. वेढे ४५ अंशांत, सालीला टेकलेले पण रुतलेले नाहीत. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, किंचित तहानलेलं खोड जास्त लवतं. तारेखाली ओल्या रॅफियाची (ताडाच्या पानांचा धागा) किंवा सुती पट्टीची घट्ट गुंडाळी केली तर साल फाटत नाही.

पहिलं वळण मातीपासून ४-५ सेंमीवर आणि अगदी तीव्र हवं. बहुतेक कॅस्केड इथेच फसतात. खोड लांबवर सरळ जाऊन मग खाली येतं आणि झाड नळाच्या तोटीसारखं दिसतं. दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि हळूहळू दाबा, तार वळणाच्या बाहेरच्या बाजूवर आली पाहिजे. बारीक करकर ऐकू आली की तिथेच थांबा, उरलेलं दोन-तीन आठवड्यांनी. पुढची वळणं डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही द्या, आणि खाली जाताना त्यांमधलं अंतर कमी करत न्या.

रानवाटा:
वरच्या माहितीत फांद्यांची भर घालतो. बाहेरच्या वळणावरच्या फांद्या ठेवा, आतल्या वळणाच्या काखेतल्या काढा. पण काढताना हावरेपणा नको, एका वेळी एक तृतीयांश हिरवं गेलं तरी पुरे. आणि उघड्या, पान नसलेल्या लाकडातून ज्युनिपरला नवीन फूट येत नाही. म्हणून प्रत्येक ठेवलेल्या फांदीवर बुंध्याजवळ थोडी तरी हिरवळ हवीच. नको असलेली फांदी खोडालगत उडवण्याऐवजी २ सेंमी खुंट ठेवून साल सोलली तर पुढे त्याचं जिन (शोभेचं वाळकं, साल नसलेलं लाकूड) होईल.

खरा त्रास पुढे येतो. झाडाचा जोर वर जातो, त्यामुळे माथा दाट होत जातो आणि खाली लोंबणारा शेंडा दुबळा होतो. वरची वाढ वारंवार छाटा, खालच्या शेंड्याला कात्री लावू नका. शेंड्याचं शेवटचं टोक तारेने पुन्हा किंचित वर वळवा, जोम टिकतो. आणि कुंडी स्टँडवर अशी ठेवा की खालच्या भागालाही ऊन लागेल, दर आठवड्याला थोडी फिरवा. कॅस्केडची उंच, अरुंद कुंडी वाऱ्याने कलंडते, स्टँडला तारेने बांधून ठेवा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. गोळा काढून पाहिला, घट्ट आहे, पांढरी टोकं भरपूर दिसली. म्हणजे तार या थंडीतच. अजून दोन शंका: तार कधी काढायची, आणि उंच कुंडीत पाण्याचं काय?

कुंडीकर:
छान, मग डिसेंबरात करा. तार तारखेवर नाही, सालीवर पाहून काढायची. मार्चपासून दर पंधरवड्याला वेढ्यांकडे बघा, साल तारेच्या कडेला फुगू लागली की लगेच. उलगडत बसू नका, कटरने प्रत्येक वेढा तोडा. ज्युनिपर आकार उशिरा धरतो, खोड थोडं वर उसळेलच, तर पुढच्या थंडीत पुन्हा लावा.

उंच कुंडीत वरची माती लवकर कोरडी पडते, तळाशी मात्र ओल राहते. म्हणून वरवर पाहून पाणी घालू नका, बांबूची काडी ८ सेंमी खोल खुपसा आणि बाहेर काढून पाहा. एप्रिल-मेमध्ये दुपारी ५० टक्क्यांची शेडनेट लावा. तेव्हाच लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) येतो: फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, हलणारे ठिपके दिसले तर पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, दर तीन दिवसांनी. पावसाळ्यात कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा ठेवून ती थोडी तिरकी करा, साचलेलं पाणी निघून जातं. आणि घरात, खिडकीपाशीही, ठेवू नका.

रानवाटा:
तार लावल्यावर महिनाभर खत अजिबात नको. नंतर कडुनिंबाची पेंड, चमचाभर, कुंडीच्या कडेने. वाकवताना साल थोडी फाटलीच तर लगेच पट्टी बांधून ती जागा सावलीत ठेवा, वळण मात्र सोडू नका, परत सरळ करताना उरलेली सालही सुटते.