मदत हवी आहे: जुने सायफाय हॉरर पिक्चर आणि त्यातली माणसं

नमस्कार मंडळी, टिळकवाडीत आम्ही सातआठ जण रविवारी रात्री पिक्चर बघतो, निपाणी-खानापूरकडचे पण येतात, निम्मे मराठी निम्मे कन्नड. परवा एलियन (1979) लावला. रिप्ली बाई असून शेवटपर्यंत टिकते ते सगळ्यांना भारी वाटलं, पण मला दुसरंच खटकतंय बघा, यानातल्या सात जणांत काळा माणूस एकच, याफेट कोटोचा पार्कर, तो मरतोच, आणि त्या राक्षसाच्या सूटमध्ये बोलाजी बडेजो म्हणून नायजेरियन उंच पोरगा होता त्याचा तर चेहराच दिसत नाही, हे कळल्यापासून डोक्यातनं जाईना. द थिंग (1982) मध्ये काळा नट कीथ डेव्हिड शेवटी उरतो खरा, पण पात्रांत बाई एक पण नाही. नाइट ऑफ द लिव्हिंग डेड (1968) मधला काळा हिरो ड्वेन जोन्स माहीत आहे, तो सोडून सांगा.

तर 1990 च्या आधीचे अजून कुठले पिक्चर आहेत की ज्यात गोऱ्या पुरुषांशिवाय दुसऱ्यांना नीट रोल आहे, नुसतं मरायला ठेवलेलं नाही? जपानी, रशियन पण चालतील. पुढच्या रविवारच्या आत सांगा की प्लीज.