पहिलं हायब्रीड फुलझाड एका नर्सरीवाल्याने केलं होतं का?

गच्चीबाग_मुलुंड:
भाच्याशी वाद झालाय, तो म्हणतो हायब्रीड म्हणजे मेंडेलच (वाटाण्यावर आनुवंशिकतेचे प्रयोग करणारा), त्याआधी कोणी काही केलंच नव्हतं. मला मात्र लंडनच्या कुठल्यातरी नर्सरीवाल्याचं वाचलेलं आठवतंय. कोणाला माहितीये का? बारावीतल्या पोरापुढे माघार घ्यायची नाहीये 😀

भायखळ्याचा_माळी:
टॉमस फेअरचाइल्ड. मेंडेलचा वाटाण्यावरचा पेपर १८६६ चा आणि हा माणूस १७२९ मध्ये वारलासुद्धा. लंडनच्या हॉक्स्टनला त्याची नर्सरी होती, तिथे त्याने कार्नेशन आणि स्वीट विल्यमचा संकर केला (थंडीत आपल्याकडे डायन्थस म्हणून मिळतं त्याच कुळातली दोन्ही). १७१७ च्या पुस्तकात रिचर्ड ब्रॅडली या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्या झाडाबद्दल लिहिलंय म्हणजे त्याआधीच झालेलं. बी धरेना म्हणून नाव पडलं फेअरचाइल्डचं खेचर. झाडांतही नर-मादी असतं हे कॅमेरारियस या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने १६९४ लाच मांडलेलं पण कित्येकांना पटत नव्हतं, आणि इथे एक धंदेवाला माणूस करून मोकळा! वाळवलेला नमुना ऑक्सफर्डला आहे.

शंकेखोर_दादर:
भाचा अगदीच चूक नाही हां. याने झाड केलं, मेंडेलने पिढ्या मोजून नियम काढले, दोन वेगळी कामं. आणि फेअरचाइल्डने मृत्युपत्रात चर्चमधल्या दरवर्षीच्या प्रवचनासाठी २५ पौंड ठेवले, त्यावरून लोक म्हणतात देवाच्या कामात ढवळाढवळ केली म्हणून मन खात होतं, मला ते ओढूनताणून वाटतं. प्रवचन सृष्टीतल्या देवाच्या करणीवर, जन्मभर झाडांत राहिलेला माणूस दुसरं काय सांगणार.

चेंबूरची_ताई:
मला फेअरचाइल्डचं 'द सिटी गार्डनर' हे पुस्तक जास्त जवळचं वाटतं, १७२२ चं. लंडनभर दगडी कोळशाचा धूर, त्यात कोणतं झाड तगतं आणि कोणतं मान टाकतं हेच सगळं त्यात. आमच्या समोर रिडेव्हलपमेंट चालू आहे, तुळशीच्या पानांवर रोज सिमेंटचा थर, नर्सरीवाला मात्र काहीही खपवतो, 'मॅडम सावलीत पण येतं'. ग्राहकाला गावातल्या हवेचा विचार करून झाड सांगणारा माणूस आत्ता हवा होता.

गच्चीबाग_मुलुंड:
भारी! भाचा आता म्हणतो आपण पण करूया, कार्नेशन आणू का?

भायखळ्याचा_माळी:
नको, मुंबईच्या उकाड्यात मरेल. साधी तांबडी जास्वंद पण नको, सहसा बीच धरत नाही. दोन रंगांची गुलबक्षी घ्या. संध्याकाळी फूल उमलायच्या आधीच कळी उघडून त्यातले पुंकेसर काढा, उमललं की दुसऱ्या रंगाचे परागकण लावा आणि देठाला दोरा बांधा, नाहीतर कोणतं फूल ते कळणार नाही.