मदत हवी आहे: ट्रॉलीच्या बॅटऱ्या पिकअपवरून चार्ज करताना प्लग वितळतोय

नमस्कार मंडळी,

चोपड्याहून लिहितोय. हिवाळ्यात भरीत-पुरीचा स्टॉल लावतो. भरीत लाकडी बडगीत ठेचलेलं, त्यामुळे मिक्सर लागत नाही; पण एलईडी दिवे, छोटा फ्रीज आणि पाण्याचा पंप आहे. जनरेटरच्या आवाजात गिऱ्हाईक टिकत नाही, म्हणून ट्रॉलीत १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) दोन ट्युब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशा) बॅटऱ्या पॅरलल जोडून इन्व्हर्टर बसवलाय.

आता दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. शिरपूर, शहादा करत जाईपर्यंत ट्रॉली ओढणाऱ्या पिकअपचा अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा जनरेटर) फिरतोच आहे, तर बॅटऱ्या का भरून घेऊ नयेत? एका वायरमनने पिकअपच्या बॅटरीपासून अडीच स्क्वेअर एमएमची वायर ओढून दिली. प्लस दिव्यांच्या सात पिनांच्या प्लगमधून, मायनस हुकाच्या लोखंडातून. फ्यूज नाही, रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) नाही.

इंजिन चालू असताना पिकअपच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट दिसतात, ट्रॉलीत १२.९. हूक हलला की मीटरचा आकडा नाचतो. प्लगची एक पिन हात लावू देत नाही, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून एका बाजूला वाकलंय. रात्री प्लग जोडलेला असला तर सकाळी पिकअपचा सेल्फ उचलत नाही.

नुसत्या रिलेने भागेल, की डीसी-टू-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी नीट भरणारा) लागेलच? केबल किती जाड घेऊ? बॅटरी ते बॅटरी अंतर सात मीटर आहे. ‘लिथियम घ्या’ हा सल्ला कृपया नको, बजेट नाही.

प्रतिसाद १

भो, आधी ती वायर काढून टाका, यात्रा नंतर. सात मीटर जायचं, सात यायचं, झाले १४. अडीच स्क्वेअरच्या तांब्याचा रोध किलोमीटरला ८ ओहमच्या आसपास, म्हणजे २० अँपिअरला सव्वादोन व्होल्ट वायरीतच जिरणार. १६ स्क्वेअरमध्ये ३० अँपिअरलाही अर्धा व्होल्टच जातो. वेल्डिंगची केबल नरम असते, वळायला बरी. तांब्याचीच आहे ना हे कापून बघा, स्वस्त म्हणून ॲल्युमिनियम गळ्यात मारतात.

मायनस स्वतंत्र केबलने न्या. हुकावर गंज आणि ग्रीस, तिथून करंट नीट जाणार कसा? आकडा नाचतोय तो त्यामुळेच. सात पिनांचा प्लग दिव्यांपुरता ठेवा आणि चार्जिंगला अँडरसन कनेक्टर (जास्त करंटचा जाड प्लग) लावा.

फ्यूज दोन्ही टोकांना हवा, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात. केबल मध्येच घासून चेसिसला टेकली तर दोन्हीकडच्या बॅटऱ्या तिच्यात करंट ओततील. घरातल्या एसी करंटची एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) इथे चालत नाही.

प्रतिसाद २

रिलेने सकाळच्या सेल्फचा प्रश्न सुटेल, इंजिन बंद झालं की तो पिकअपची बॅटरी ट्रॉलीतल्या बॅटऱ्यांपासून वेगळी करतो. पण चालत्या गाडीत इन्व्हर्टरवर मोठा लोड आला तर तो करंट पिकअपकडूनही ओढला जाईल. शिवाय ट्युब्युलरला पूर्ण भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात आणि काही बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांचा अल्टरनेटर डिझेल वाचवायला व्होल्टेज खाली आणतो. अर्धा तास गाडी चालवून पुन्हा मोजा.

मी ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसीच घेईन, ट्रॉलीत बॅटरीजवळ बसवायचा. तो व्होल्टेज वर उचलतो आणि करंटही आवरतो. ३०० एएचला ३० अँपिअर म्हणजे दहावा हिस्सा, ट्युब्युलरला मानवतो. त्याची चालू-बंदची वायर इग्निशनवर घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. मग सारंगखेड्याला पोचेपर्यंत बॅटऱ्या फुल होतील?

प्रतिसाद २

नाही हो. तीन तास धरले तरी ३० अँपिअरने फार तर ९० एएच आत जाणार. त्यात ट्युब्युलर शेवटच्या टप्प्यात हळूहळूच भरते, घाई चालत नाही. निघायच्या आदल्या रात्री घरच्या लायटीवर इन्व्हर्टरमधूनच पूर्ण भरून घ्या. रस्त्यातलं चार्जिंग वरखर्चाला.

प्रतिसाद १

आणि बॅटऱ्या बंद पेटीत असतील तर वरच्या बाजूला भोकं पाडा. चार्जिंगला हायड्रोजन निघतो, तो वर साठतो. फ्यूज, रिले पेटीच्या बाहेर, ठिणगी आत नको. वांगी भाजायची चूल ट्रॉलीपासून किती लांब असते?

धागाकर्ता

चूल ट्रॉलीच्या मागेच, दोन हातांवर. पेटीही त्याच बाजूला आहे. आता ती पुढे हुकाकडे सरकवतो.