किरिकोचं 'द साँग ऑफ लव्ह': यात प्रेम कुठंय?

कोरा_कागद:
जॉर्जिओ दे किरिकोचं हे 1914 चं चित्र, न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात आहे, गेले चार दिवस डोक्यातून जात नाहीये. भिंतीवर अपोलोच्या पुतळ्याचं पांढरंफटक डोकं, शेजारी खिळा ठोकून टांगलेला लालसर रबरी हातमोजा, समोर हिरवा चेंडू, एका बाजूला कमानी आणि भिंतीपलीकडे आगगाडीचं इंजिन धूर सोडतंय. बस, एवढंच. माणूस एकही नाही. नाव वाचलं नसतं तर मला प्रेमबिम अजिबात सुचलं नसतं. मी चित्रकलेतली नाही, पण बघताना घशाशी काहीतरी दाटून येतं आणि ते का येतं हे कळत नाही म्हणून विचारतेय. तुम्ही लोक कसं बघता याच्याकडे?

तिसरी_कमान:
सुरुवात अपोलोपासून करा. तो संगीताचा आणि काव्याचा देव, त्यामुळे नावातलं 'गाणं' तिथून येतं असं मला वाटतं. हे डोकं व्हॅटिकनमधल्या 'अपोलो बेल्व्हेदेरे' या प्रसिद्ध पुतळ्याचं आहे, म्हणजे पुरुषी सौंदर्याचा नमुना म्हणून शतकानुशतकं लोक ज्याच्याकडे बघत आले तो. आणि इथे त्याला धडच नाही!
आता आगगाडी. किरिकोचा जन्म ग्रीसमधल्या व्होलोसचा, 1888 चा, वडील रेल्वे इंजिनियर. 1905 मधे ते गेले तेव्हा हा सोळा वर्षांचा होता. त्याच्या या काळातल्या चित्रांत इंजिनं परत परत दिसतात, कायम लांब, कायम भिंतीच्या मागे. प्रेम म्हटलं की आपण लगेच जोडपं शोधायला लागतो, पण बापावरचंही प्रेमच की. माझ्यापुरतं हे विरहाचं चित्र आहे.

शाईचा_डाग:
तिसरी_कमान, वडिलांचा मुद्दा पटला, पण असं एकेका वस्तूला अर्थ चिकटवत गेलो ना की चित्राचं शब्दकोडं होतं. मग चेंडूचं काय करणार? किरिको नीत्शे आणि शोपेनहाउअर हे तत्त्वज्ञ वाचून भारावलेला माणूस, त्याला रोजच्या वस्तूंची सवयीची ओळख पुसायची होती. मोजा म्हणजे हातात घालायची गोष्ट, ही ओळख गेली की मोजा कसा दिसेल? असा दिसेल. डोकं आणि मोजा मागच्या इमारतीच्या मानाने केवढे अवाढव्य आहेत ते बघा, सावल्या धारदार, आणि सगळं इतकं गप्प की आपणच कान देऊन ऐकायला लागतो.
अजून एक, याला सर्रास सर्रिअॅलिस्ट, म्हणजे स्वप्नासारखी अतर्क्य चित्रं काढणाऱ्या चळवळीतलं, म्हणतात ते चूक आहे. त्या चळवळीचा, ब्रेताँने लिहिलेला जाहीरनामा 1924 चा, हे त्याच्या दहा वर्षं आधीचं. उलट 1920 नंतर मॅग्रित या सर्रिअॅलिस्ट चित्रकाराने याची नुसती छापील प्रत पाहिली आणि त्याला रडू आलं, आणि त्यानंतर त्याची चित्रं बदलली. त्यामुळे कोरा_कागद, तुमच्या घशाशी जे येतंय ते बरोबर येतंय, अर्थ लागायच्या आधी येतंय इतकंच.

रात्रपाळी:
मी चित्रांमधली जाणकार नाही, ऑपरेशन थिएटरमधे काम करते, त्यामुळे माझी नजर मोज्यावरच गेली आणि तिथून हललीच नाही. रबरी मोजे आमच्याकडे कसे आले त्याची गोष्ट सांगते, चित्राशी तिचा संबंध मीच माझ्या मनात जोडलाय. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधे विल्यम हॉलस्टेड नावाचे सर्जन होते, त्यांच्या हाताखाली कॅरोलिन हॅम्प्टन ही नर्स. तेव्हा जंतू मारायला पाऱ्याचं द्रावण वापरायचे आणि त्याने तिच्या हातांची कातडी पार सोलवटून निघायला लागली. तर यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे बनवून घेतले, आणि 1890 मधे दोघांनी लग्न केलं. इन्फेक्शनचा विचार नंतरचा, आधी तिचे हात वाचवायचे होते.
म्हणून मला यात प्रेम शोधावं लागलं नाही. मोजा हाताचाच आकार धरून असतो, हात नसला तरी. ड्यूटी संपल्यावर काढलेला मोजा कधीतरी तसाच फुगलेला राहतो थोडा वेळ, बोटं बोटांसारखी, ते ज्याने पाहिलंय त्याला हे चित्र बघवत नाही पटकन.

तिसरी_कमान:
रात्रपाळी, हे कुठल्या कॅटलॉगमधे मिळालं नसतं. शाईचा_डाग, चेंडूचं उत्तर माझ्याकडे नाही, मान्य.

कोरा_कागद:
तुम्हा तिघांचं वाचून परत चित्र उघडलं. इतके दिवस मी अपोलोच्या चेहऱ्याकडेच बघत होते, आणि तो तर माझ्याकडे बघतच नाहीये, त्याचे डोळे कोरे दगडाचे. मोज्याची बोटं खाली लोंबतायत, दमलेल्या हातासारखी. दोघं एकाच भिंतीवर, इतके जवळ, आणि एकाला हात नाही, दुसऱ्याला चेहरा नाही.